सायकलवरची वर्गणी

(मंडळाच्या मासिक सभेत आम्ही उभयतांनी केलेलं भाषण. बोलताना वाटून घेतलं होतं, इथे एकत्र लिहिलं आहे.)



चिटणीसांनी विषय म्हणून आधी "अमेरिकेतील आमचे अनुभव" असं लिहिलं होतं. आम्ही हात जोडून ते खोडायला लावलं. या सभागृहातल्या निम्म्या घरांची मुलं तिकडे आहेत आणि असे अनुभव ऐकून तुमचे कान किटलेले आहेत. आम्ही फक्त एका दिवसाबद्दल बोलणार आहोत, ३ ऑगस्ट २०२४, शनिवार. त्या दिवशी आमच्यातल्या एकाने वयाच्या पासष्टाव्या वर्षी ८० मैल, म्हणजे जवळपास १३० किलोमीटर सायकल चालवली आणि दुसरीने दिवसभर कलिंगडं कापली. कोणी काय केलं ते सांगायला नको, गुडघ्याचा पट्टा कोणाच्या पायाला आहे ते दिसतंच आहे.

बॉस्टनजवळ दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी पॅन-मास चॅलेंज नावाची सायकलफेरी निघते. मास म्हणजे मॅसॅच्युसेट्स, आमची लेक राहते ते राज्य. १९८० साली बिली स्टार नावाच्या तरुणाने ती सुरू केली. त्याची आई एकोणपन्नासाव्या वर्षी त्वचेच्या कर्करोगाने गेली होती. पहिल्या वर्षी ३६ जण स्प्रिंगफील्डहून निघून समुद्राच्या टोकावरच्या प्रॉव्हिन्सटाउनला पोचले आणि १०,२०० डॉलर जमले. आता सहा हजारांहून जास्त लोक सायकल चालवतात. २०२४ साली साडेसात कोटी डॉलर जमले आणि १९८० पासूनची एकूण रक्कम शंभर कोटींच्या पुढे गेली. सायकलस्वाराने गोळा केलेला सगळा पैसा डाना-फार्बर या बॉस्टनच्या कॅन्सर संस्थेला जातो. मांडव, पाणी, जेवण यांचा खर्च प्रवेश शुल्कातून आणि प्रायोजकांकडून निघतो.

पस्तीस वर्षं पावतीपुस्तक घेऊन काचीगुडा आणि सुलतान बाजारचे जिने चढलेल्या माणसांना यातला एक नियम फार आवडला. नाव नोंदवतानाच तुम्ही अमुक हजार डॉलर जमवीन असं लिहून देता. नाही जमले तर उरलेले तुमच्या क्रेडिट कार्डातून कापून घेतात. आपल्या उत्सव समितीला हा नियम ठाऊक नव्हता तेच बरं, नाहीतर आमच्यातले बरेच कार्यकर्ते कधीच देशोधडीला लागले असते.

लेकीने बापाचं नाव घातलं ते न विचारता. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही बँकेत सायकलनेच जायचात ना?" जायचो. पण ते एटलस सायकलवरून, डबा मागे लावून, आणि त्याला आता तीस वर्षं झाली. मग फेब्रुवारीपासून नेकलेस रोडवर सुरुवात केली, पुढे गंडीपेटपर्यंत मजल गेली. शेजारचे रेड्डी पहाटे दूध आणायला निघायचे आणि कपाळाला हात लावून म्हणायचे, "रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात." मे महिन्यात हैदराबादच्या उन्हात सराव केल्याचा एक फायदा झाला, तिथल्या ऑगस्टची उकाड्याबद्दलची तक्रार आमच्या गळी उतरलीच नाही.

वर्गणी आम्ही पुरणपोळ्यांवर जमवली. लेकीच्या ओळखीच्या मराठी, तेलुगू, गुजराती घरांत निरोप गेला, पोळ्यांचा भाव लावला नव्हता, ज्याने त्याने मनाला येईल ते द्यायचं. तीन रविवारांत चारशेच्या आसपास पोळ्या लाटल्या. एका आजींनी एक पोळी घेतली आणि पाचशे डॉलर दिले. कारण आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

इथवर गंमत होती. आता जे सांगायचं आहे ते सांगताना आमच्यापैकी कोणी थांबलं तर दुसऱ्याने पुढे न्यायचं असं ठरवून आलो आहोत.

लेकीच्या आधी आम्हाला एक मुलगा होता. १९८४चा जन्म. त्याचं नाव इथे घेत नाही, जुन्या लोकांना ते ठाऊक आहे. चार वर्षांचा असताना त्याला सारखा ताप येऊ लागला, पायांवर निळे डाग दिसायला लागले. रक्ताचा कर्करोग निघाला. १९८८ साली आम्ही त्याला रात्रीच्या गाडीने मुंबईला नेलं. लालबागला मामींच्या चाळीत राहिलो, दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही तिघं आणि त्यांची पाच माणसं. मामी पूर्वी गिरणीत कामाला होत्या. संपानंतर ते घर कसं चाललं होतं ते आम्हाला आजही कळत नाही, पण मामींनी आमच्याकडून शिध्याचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

तेव्हाची एक गोष्ट पक्की आठवते. पोराला मांडीवर वाकवून धरायचं आणि डॉक्टर पाठीच्या कण्यातून सुई देत. सिरिंजमधलं औषध पिवळं होतं, अगदी हळदीच्या पाण्यासारखं. तो विचारायचा, "आई, हळदीचं पाणी का?" आम्ही हो म्हणायचो.

तेहतीस वर्षांच्या आमच्या लेकीने हा भाऊ पाहिलेला नाही, पण ती त्याला दादाच म्हणते. गेल्या जूनमध्ये तिच्या घरी जेवताना आम्ही जरा कुरकुर केली. म्हटलं, औषधासाठी पैसे मागितले तर कळतं, पोराला गाडीभाडं लागतं, रक्त लागतं. संशोधनाला पैसे म्हणजे हवेत सोडलेले पैसे. त्यातून अमेरिकेला काय कमी आहे? ती म्हणाली, "आई, दादाला कुठलं औषध होतं?" नावं आमच्या तोंडपाठ आहेत. त्यातलं पिवळं होतं ते मेथोट्रेक्सेट. मग तिने जे सांगितलं ते आम्ही नंतर स्वतः वाचून खात्री करून घेतलं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होत होता, रक्तातल्या तांबड्या पेशी फुगून मोठ्या व्हायच्या आणि त्यात बायका दगावायच्या. विल्सबाई हाफकिन संस्थेत काम करत. या बायका काय खातात ते त्यांनी पाहिलं. पाले-भाज्या, फळं, दूध जवळजवळ नाहीच. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले आणि शेवटी उतारा सापडला तो मार्माइटमध्ये. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा खारट अर्क, इंग्रज लोक पावाला फासून खातात. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे ते त्यांना सांगता आलं नव्हतं. पुढे त्यालाच फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज प्रत्येक गरोदर सुनेला डॉक्टर जी गोळी लिहून देतात, ती ही.

दुसरं माणूस आपल्या बाजूचं. यल्लाप्रगडा सुब्बाराव, भीमवरमचे, मद्रासला वैद्यक शिकले आणि १९२३ मध्ये बॉस्टनला गेले. पुढे ते लेडर्ले या औषध कंपनीत संशोधनाचे प्रमुख झाले आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांना हे नाव ठाऊक असतं, आपल्याला नसतं, हे आपल्याकडे साधारण होतंच.

तिसरे सिडनी फार्बर, बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना त्यांनी आधी फोलिक ॲसिडच्या जातीची औषधं देऊन पाहिली. रक्त सुधारायच्या ऐवजी रोग चौखूर उधळला. दुसरा कोणी असता तर कपाळ बडवून थांबला असता. यांनी उलटा विचार केला. फोलिक ॲसिडने रोगाच्या पेशी वाढतात, तर हुबेहूब तसं दिसणारं पण खोटं काहीतरी द्यावं. कुलपात खोटी किल्ली अडकवली की खरी किल्ली आत जात नाही, तसं. ही खोटी किल्ली, ॲमिनोप्टेरिन, सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने बनवून पाठवली. १९४८ च्या जूनमध्ये फार्बरनी लिहिलं की १६ मुलांपैकी १० मुलांचा रोग काही काळ मागे हटला. काही काळच. पण त्याआधी या रोगात कोणाचंच काही मागे हटत नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, वय त्रेपन्न. ॲमिनोप्टेरिनचं धाकटं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट.

लालबागच्या त्या खोलीत आम्ही जे हळदीचं पाणी म्हणत होतो त्याची सुरुवात तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, परळला झाली होती. साठ वर्षांपूर्वी, मामींसारख्याच गिरणीतल्या बायकांच्या रक्तातून. मामी आता नाहीत. असत्या तर त्यांना सांगितलं असतं.

आणि याच फार्बरच्या कामासाठी वर्गणी कशी सुरू झाली ते ऐका. १९४८ साली रेडिओच्या एका कार्यक्रमात त्यांच्या वॉर्डातल्या बारा वर्षांच्या मुलाला बोलतं केलं. खरं नाव लपवून जिमी म्हटलं. त्याला बेसबॉलची आवड, आवडता संघ वॉर्डात येऊन त्याला भेटला, आणि लोकांना सांगितलं की जिमीला सामने बघायला टेलिव्हिजन घेऊन द्यायचा आहे. पहिल्याच वर्षी दोन लाख डॉलरच्या वर जमले. जिमी फंड अजून चालतो, फेरीचा पैसा त्याच वाटेने संस्थेत जातो. पुढे जिमीचं काय झालं हे बहुतेक लोकांनी गृहीत धरलं होतं. १९९८ मध्ये तो प्रकट झाला. एनार गुस्ताफसन नाव, मेन राज्यातला ट्रक ड्रायव्हर, नातवंडं असलेला. लेकीने हे सांगितलं तेव्हा आम्ही ताटावरून उठलो होतो, पुन्हा खाली बसलो.

तर तो शनिवार. वेल्सली गावातल्या कॉलेजातून पहाटे निघायचं आणि दुपारी बोर्नला पोचायचं, समुद्राच्या खाडीवर. लेक बरोबर होती, पण तिचा वेग आपला नव्हे. पहिला दीड तास आम्ही जिवाच्या भीतीत काढला. तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालवायचं आणि मागून कोणी पुढे जाताना ओरडतो, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणजे मी तुझ्या डावीकडून जातोय. आयुष्यभर डाव्या बाजूने चालवलेल्या माणसाला "लेफ्ट" ऐकू आलं की तो काय करणार? डावीकडे सरकणार. नेमकं त्यांच्या पुढ्यात. तीनदा झालं. चौथ्या वेळी एका बाईंनी बरोबरीने येऊन विचारलं, "सर, आर यू फ्रॉम इंग्लंड?"

रस्त्याच्या कडेला लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात, घंटा वाजवतात, पाट्या धरतात. एका थांब्याच्या आधी रस्त्याच्या कडेने आजारी मुलांचे मोठे मोठे फोटो लावले होते. एकेका सायकल-गटाने एकेक मूल आपलं मानलेलं असतं. तिथे सगळे हळू होतात. कोणी बोलत नाही, फक्त चाकांचा आवाज येतो. आमच्या अंगावरच्या सदऱ्याला पाठीवर एक पांढरं फडकं टाचलेलं होतं. त्यावर पोराचं नाव, देवनागरीत, घरी मार्करने लिहिलेलं. इतर लोक आपल्या माणसांची नावं दंडावर, पोटरीवर लिहितात. आम्हाला ते कोणी वाचावं असं वाटत नव्हतं आणि लिहिल्यावाचून राहवतही नव्हतं. मधला मार्ग म्हणून ही लिपी.

साठाव्या मैलाला पायात गोळे आले. गवतावर आडवं होऊन मिठाचं पाणी प्यायलो, एका विद्यार्थ्याने पाय चोळून दिले. शेवटचे वीस मैल कसे झाले ते फारसं आठवत नाही.

बोर्नला आमची दुसरी बाजू सकाळपासून टेबलामागे उभी होती. स्वयंसेवकांना टोपी आणि सुरी देतात. कलिंगड कसं कापायचं याच्या छापील सूचना होत्या, त्या बाजूला ठेवल्या. दुपारी त्या आवारात एक फोटो काढतात. जे स्वतः कर्करोगातून वाचले आणि सायकल चालवून आले, ते सगळे एकत्र उभे राहतात, हातात पेला घेऊन. त्यांना ते जिवंत पुरावा म्हणतात. आम्ही दोघं लांब कुंपणापाशी बसलो होतो. फोटो झाल्यावर एक जण आमच्या मागून आला, दाढीवाला, पाठीवरचं फडकं बघून म्हणाला, "ही कुठली भाषा?" आम्ही सांगितलं. "नाव कोणाचं?" तेही सांगितलं. त्याने विचारलं, "काय झालं होतं?" आम्ही रोगाचं नाव घेतलं, वय चार, साल १९८८.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मलाही तेच. १९८७. तीन वर्षांचा होतो." त्यालाही तेच पिवळं औषध, त्याच गोळ्या. म्हणाला, मला स्वतःला काही आठवत नाही, पण आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीवर फुली मारली होती, तीन कॅलेंडरं भरली, ती तिने अजून ठेवली आहेत. आमच्याशी हस्तांदोलन करून तो गेला. त्याला एक गोष्ट आम्ही सांगितली नाही. ती आज सांगतो. या मंडळात पस्तीस वर्षं कोणालाच सांगितलेली नाही.

आमचा मुलगा आठ महिन्यांत चांगला झाला होता. केस परत आले होते, चाळीच्या गॅलरीत पळत होता. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की अडीच वर्षं गोळ्या आणि दर महिन्याला तपासणी. रजा संपल्या होत्या, कर्ज झालं होतं, मामींच्या घरात आणखी किती दिवस पडून राहायचं. हैदराबादला परत आलो. दोन महिने गोळ्या दिल्या. मग घरातलेच वडीलधारे म्हणू लागले, पोर ठणठणीत आहे, इतकं जहाल औषध कशाला पोटात घालता? आम्हालाही तेच ऐकायचं होतं. आम्ही गोळ्या थांबवल्या. पुढच्या उन्हाळ्यात रोग उलटला आणि दिवाळीच्या आत तो गेला.

गोळ्या पूर्ण दिल्या असत्या तर वाचला असता असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. त्या काळी नीट उपचार होऊनही बरीच मुलं जात. आज श्रीमंत देशांत या रोगाची दहापैकी नऊ मुलं बरी होतात, आणि ती पुष्कळशी जुन्याच औषधांनी. कुठलं औषध कधी, किती, किती दिवस, एवढं शोधून काढायला लोकांना चाळीस वर्षं लागली. अडीच वर्षं हा आकडा डॉक्टरांनी मनाने सांगितला नव्हता. आधीच्या हजारो मुलांवरून तो ठरला होता. आम्हाला वाटलं, डॉक्टर आपले सांगतात. संशोधन म्हणजे काय हे आम्हाला तेव्हा ठाऊक असतं तर आम्ही त्या गोळ्या चोरी करून आणल्या असत्या.

सभेच्या आधी एका ज्येष्ठ काकांनी आम्हाला जिन्यात गाठून विचारलं, "चारशे पोळ्यांचे पैसे अमेरिकेला कशाला? इथे काय पोरं आजारी नाहीत?" काका, प्रश्न बरोबर आहे. त्याचं आमचं उत्तर दोन भागांत आहे. परळमध्ये निघालेली गोष्ट बॉस्टनला गेली आणि बॉस्टनची परळला आली, तेव्हा तिकडे दिलेला पैसा तिकडचाच राहतो असं आम्हाला आता वाटत नाही. आणि दुसरं, जे शोधून झालेलं आहे ते इथल्या पोराच्या पोटात शेवटच्या दिवसापर्यंत जायला हवं, त्याला डॉलर लागत नाहीत.

हैदराबादच्या रुग्णालयांत नांदेड, उदगीर, देगलूर, किनवटकडची माणसं येतात. मराठीशिवाय दुसरं बोलत नाहीत. गोळ्यांच्या पाकिटावर इंग्रजी, नर्स तेलुगूत सांगते, माणसं मान डोलावतात आणि घरी जातात. ऑक्टोबरपासून आम्ही तीन घरांचा हिशेब ठेवतो. प्रत्येकाला एक कालनिर्णय दिलं आहे. रोजच्या गोळीला फुली, आठवड्याच्या गोळीला लाल फुली. दर मंगळवारी आणि शनिवारी फोन करायचा. गाडीभाडं संपलं असेल तर ते पाठवायचं, पण बहुतेक वेळा पैसा मागत नाहीत. "आता बरा आहे हो, अजून किती दिवस द्यायच्या?" हेच विचारतात. आम्ही त्यांना आमची गोष्ट सांगतो. फोनवर ती सांगायला सोपी जाते, इथे उभं राहून सांगणं अवघड होतं.

तिन्ही घरं आम्हा दोघांना पुरतात. चौथं आलं तर मंगळवारचे फोन कोणीतरी घ्यावे लागतील. तेलुगू यायला हवं असं नाही, आवाज मात्र मोठा हवा, उदगीरकडच्या आजोबांना कमी ऐकू येतं. उदगीरच्या मुलीची शेवटची गोळी येत्या श्रावणात आहे, बोधनच्या मुलाची पुढच्या चैत्रात. नांदेडच्या धाकट्याचं तर आत्ता कुठे पहिलंच कालनिर्णय चालू आहे.

सायकल कुठल्या कंपनीची होती असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे. ती भाड्याची होती, नाव बघितलं नाही.